भिंतीखालच्या माणसांचाही हिशेब मांडा: जागतिक बँकेच्या संचालक मंडळाला खुले पत्र

प्रति,
कार्यकारी संचालक मंडळ,
जागतिक बँक, वॉशिंग्टन.

सन्माननीय संचालकहो,

२०२४ च्या डिसेंबरात तुम्ही ताजिकिस्तानातल्या रोगुन धरणासाठी ३५ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केलेत. पुढे सहा महिन्यांनी, २०२५ च्या जूनमध्ये, काँगो नदीवरच्या इंगा-३ साठी आखलेल्या एक अब्ज डॉलरच्या कार्यक्रमातला २५ कोटींचा पहिला टप्पा मंजूर झाला. याच इंगा-३ मधून २०१६ साली बँकेने अंग काढून घेतले होते. आता तुम्ही पुन्हा मोठ्या जलविद्युत धरणांच्या वाटेला लागला आहात, आणि तुमच्या मागोमाग दुसरे धनकोही येतील, कारण तुमचा शिक्का पडला की इतरांना धीर येतो. म्हणून हे पत्र सगळ्यांत आधी तुम्हाला लिहितो आहे.

मागणी एकच आहे. धरणाची किंमत मोजताना बुडीत क्षेत्राच्या रेषेपाशी थांबू नका. नदी जिथवर वाहते तिथवरची माणसे मोजा, आणि धरण जितकी वर्षे उभे राहणार तितकी वर्षे मोजा. तो हिशेब त्या माणसांसमोर ठेवा. त्यावर त्यांनी ‘नको’ म्हटले, तर ते ‘नको’ तुमच्या निर्णयात उतरू द्या.

बुडिताची रेषा नकाशावर काढायला सोपी असते. पाणी अमुक पातळीपर्यंत चढणार, म्हणून त्या पातळीखालची घरे, शेते, झाडे, विहिरी यांची यादी करायची, भाव ठरवायचा, मोबदला वाटायचा. ही यादीसुद्धा बहुतेक ठिकाणी नीट झालेली नाही, पण निदान ती करायची असते हे सगळ्यांना मान्य आहे. २००० साली आलेल्या जागतिक धरण आयोगाच्या अहवालाने अंदाज दिला की मोठ्या धरणांनी तोवर ४ ते ८ कोटी माणसे उठवली. आकड्याचे हे अंतरच बोलके आहे: चार कोटी माणसे धरायची की सोडायची, हे ठरवण्याइतकी नोंदही जगाकडे नव्हती. आणि हे सगळे भिंतीच्या वरच्या अंगाचे झाले. भिंतीच्या खाली, नदीच्या पुढच्या प्रवाहावर जगणारे आणि धरणांमुळे ज्यांच्या जगण्याला धक्का बसू शकतो असे लोक २०१० साली काही अभ्यासकांनी मोजून पाहिले. तो आकडा ४७ कोटींच्या वर गेला. या माणसांचे घर बुडत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे नोटीस घेऊन कोणी जात नाही.

तुमची पर्यावरणीय आणि सामाजिक चौकट २०१८ पासून लागू आहे. तिच्यातले पाचवे मानक भूसंपादन आणि विस्थापन यांच्याबद्दल आहे आणि ते बरेच सविस्तर आहे. मोबदला इतका हवा की गेलेली वस्तू नव्याने घेता यावी, उपजीविका निदान पूर्वीइतकी सावरावी, नावावर जमीन नसलेल्यांनाही वगळू नये, असे त्यात आहे. पण हे मानक लागू होते ते नुकसान जमीन घेतल्याचा किंवा जमिनीच्या वापरावर बंधन आल्याचा थेट परिणाम असेल तरच. ज्याला नदीवर जायला कोणी बंदी केली नाही, फक्त नदीतले मासे आटले, त्याला या मानकाचे दार बंद. त्याची रवानगी पहिल्या मानकात होते. तिथे परिणामांचे मूल्यमापन करावे, ते टाळावेत, कमी करावेत, अशी मोघम भाषा आहे. धरणाखालचा मच्छीमार वर्षानुवर्षे या मोघम भाषेत अडकून पडला आहे.

करिबापासून सुरुवात करतो, कारण ते तुमचे जुने खाते आहे. १९५६ साली बँकेने आफ्रिकेत, आताच्या झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवर, झांबेझी नदीवरच्या या धरणासाठी ८ कोटी डॉलर कर्ज दिले. बँकेने तोवर दिलेले ते सगळ्यांत मोठे कर्ज होते. नदीच्या दोन्ही काठांवर ग्वेंबे टोंगा लोक राहत. त्यांची शेती पुरावर बेतलेली होती. पावसाळ्यात वरची शेते पिकायची, आणि पूर ओसरला की काठावरच्या ओल्या गाळात पुन्हा पेरणी व्हायची. म्हणजे कोरड्या मुलखात वर्षाला दोन पिके, खताशिवाय आणि पाटाच्या पाण्याशिवाय. धरणाने सुमारे ५७,००० टोंगांना तिथून उठवले. १९५८ मध्ये एका गटाने हलायला नकार दिला तेव्हा पोलिसांनी गोळीबार केला, आठ माणसे मारली गेली, आणि उरलेल्यांना लॉऱ्यांत भरून लुसितूला नेऊन सोडले. तिथे पुराचा गाळ नव्हता, जमीन कोरडी होती आणि माणसांच्या मानाने अपुरी होती. पुढच्याच वर्षी तिथे एका आजाराने बायका आणि मुले भराभर दगावली. त्या आजाराचा नक्की उलगडा कधीच झाला नाही.

करिबाची वीज तांब्याच्या खाणींना आणि शहरांना गेली. उठवलेल्या कित्येक गावांनी डोक्यावरून जाणाऱ्या तारा पाहत पुढची कित्येक दशके अंधारात काढली.

थेयर स्कडर आणि एलिझाबेथ कोल्सन हे दोन मानववंशशास्त्रज्ञ १९५६ पासून या टोंगांमध्ये जाऊन राहिले, पुन:पुन्हा गेले, आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांचीही नोंद ठेवत राहिले. धरणाने उठवलेल्या लोकांचा इतका दीर्घ अभ्यास दुसरीकडे क्वचितच झाला असेल. स्कडर हे काही धरणांचे शत्रू नव्हते. त्यांनी आयुष्यभर धरण प्रकल्पांना सल्ला दिला, पुनर्वसन नीट केले तर धरण फायद्याचे ठरेल या आशेने. जागतिक धरण आयोगाचेही ते सदस्य होते. ऐंशी वर्षांचे वय ओलांडल्यावर, २०१४ मध्ये, त्यांनी जाहीरपणे सांगितले की मोठी धरणे त्यांच्या किमतीला परवडत नाहीत. करिबाचा हिशेब कुणाला कळला असेल तर तो या माणसाला. तुम्ही त्यांचे निष्कर्ष नुसते संदर्भसूचीत घालून ठेवू नका.

आता भिंतीखाली काय होते ते सांगतो. नदीचे पाणी अडले म्हणजे पाणी कमी झाले, एवढाच धरणाचा परिणाम बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असतो. जलविद्युत धरण त्याहून वेगळे काही करते. ते नदीचे वेळापत्रक बदलते. पावसाळ्यातला पूर अडवला जातो आणि उन्हाळ्यात, जेव्हा पात्र उथळ असायला हवे, तेव्हा टर्बाइनमधून पाणी येत राहते. शिवाय विजेची मागणी संध्याकाळी वाढते म्हणून दिवसभर पाणी अडवून संध्याकाळी सोडतात. खालच्या नदीला मग दिवसात एकदा भरती आणि एकदा ओहोटी. पात्रातल्या वाळूवर अंडी घालणारे मासे, कासवे, पक्षी या चढउतारात टिकत नाहीत. माणसेही टिकत नाहीत. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात बियास नदीच्या पात्रात उतरलेले अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सुटलेल्या पाण्यात वाहून गेले. त्यांना नदी कोरडी दिसत होती. वर काय चालले आहे हे कळायला त्यांच्याकडे काहीच साधन नव्हते.

पूर बंद होणे म्हणजे काय, हे इथिओपियातल्या ओमो नदीच्या काठावर कळते. गिबे-३ हे २४३ मीटर उंचीचे धरण २०१५ पासून भरू लागले. त्याखाली मुर्सी, बोडी आणि इतर लोक पूर ओसरल्यावर गाळात ज्वारी पेरत. गुरांना चाराही त्याच पुरावर मिळायचा. धरण बांधताना आश्वासन होते की दर वर्षी ठरावीक दिवस मुद्दाम पूर सोडू. पण नेहमीचा पूर थांबला आणि त्याबरोबर ती शेती गेली. तीच नदी पुढे केनियातल्या तुर्काना सरोवराला मिळते. सरोवराचे सुमारे ९० टक्के पाणी ओमोतून येते, आणि २०१८ मध्ये युनेस्कोने तुर्कानातली राष्ट्रीय उद्याने धोक्यातल्या वारशाच्या यादीत घातली. गिबे-३ ला तुम्ही थेट पैसा दिला नाहीत, हे खरे. पण २०१२ मध्ये इथिओपियातून केनियात वीज नेणाऱ्या वाहिनीला दिलात. धरणाची वीज विकत नेणारी तार धरणापासून वेगळी कशी धरायची? पुराची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ती दोन्ही एकाच प्रकल्पाची अंगे आहेत.

माशांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण धरणाच्या अहवालांत मासे नेहमी शेवटच्या प्रकरणात येतात आणि नदीकाठच्या घरात ते रोजच्या ताटात असतात.

थायलंडमध्ये मून नदी मेकाँगला मिळते त्या संगमाजवळ पाक मून धरण १९९४ साली पूर्ण झाले. तुमच्याच कर्जावर. क्षमता १३६ मेगावॉट, म्हणजे मोठ्या धरणांत ते लहानच. मून नदीच्या त्या टप्प्यात खडकाळ खळाळ होते. मेकाँगमधून मासे पावसाच्या सुरुवातीला त्या खळाळांतून वर चढत, आणि काठावरच्या लोकांना कोणता मासा कोणत्या आठवड्यात, कोणत्या खडकाच्या आडोशाला येतो हे पाठ होते. त्याप्रमाणे जाळी वेगळी, पिंजरे वेगळे. धरणाने खळाळ बुडवले. माशांना वर चढण्यासाठी भिंतीला शिडी बांधली. अशा शिड्या सालमनसारख्या उसळी मारणाऱ्या माशांना ठीक. मेकाँगमधले बहुसंख्य मासे तसे उड्या मारत नाहीत. शिडी निकामी ठरली. धरण आयोगाने या प्रकल्पाचा अभ्यास केला तेव्हा धरणाच्या वरच्या अंगाला मासेमारी ६० ते ८० टक्क्यांनी घटलेली आढळली, आणि खळाळांवर अवलंबून असलेल्या किमान ५० जाती दिसेनाशा झाल्या होत्या. वीजही सांगितली होती तेवढी मिळाली नाही. प्रत्यक्ष मिळालेले फायदे आधी धरले असते तर हे धरण बांधले गेले असते असे वाटत नाही, असे आयोगाने म्हटले.

भरपाईचे काय झाले ते पाहा. बांधकामाच्या तीन वर्षांत बुडालेल्या मासेमारीपोटी काही हजार कुटुंबांना पैसे मिळाले, तेही आंदोलने करून. नदी कायमची गेली त्याचे काय, हा प्रश्न तसाच राहिला. १९९७ मध्ये ही माणसे बँकॉकमध्ये सरकारी कचेऱ्यांसमोर ९९ दिवस बसून राहिली. २००१ मध्ये सरकारने धरणाचे दरवाजे वर्षभर उघडून पाहायचे ठरवले. मासे परत आले. तेव्हा गावकऱ्यांनी स्वत: संशोधन केले: कोणती जात परत आली, कोणत्या डोहात, किती मोठी, कोणत्या जाळ्यात, सगळे त्यांनी आपल्या भाषेतल्या नावांनी नोंदवले. ‘थाई बान’, म्हणजे गावकऱ्यांचे संशोधन, या नावाने ती पद्धत पुढे मेकाँगच्या खोऱ्यात आणखी ठिकाणी वापरली गेली. तुमच्या तज्ज्ञांनी धरणाआधी हीच माणसे विचारली असती, तर शिडीचे पैसे वाचले असते. आज पाक मूनचे दरवाजे वर्षातले काही महिने उघडे ठेवायचे, एवढ्यावर तडजोड आहे आणि तिच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

ब्राझीलमध्ये शिंगू नदीवरच्या बेलो मोंते धरणाने नदीचे पाणी वळणावरून उचलून दुसरीकडे नेले. वळणाच्या शंभराहून अधिक किलोमीटर पात्रात आता मोजून मापून पाणी सोडतात. तिथले युद्जा लोक स्वत: पाण्याची पातळी आणि माशांच्या नोंदी ठेवतात. काठावरच्या ज्या उथळ जंगलात पूर शिरला की मासे अंडी घालतात, तिथे पाणी अवेळी ओसरून अंडी कोरड्या मातीवर सुकून पडलेली त्यांनी टिपली. ११,२३३ मेगावॉटचे हे धरण वर्षाच्या सरासरीने त्याच्या निम्म्याहूनही कमी वीज देते, कारण शिंगू वर्षातले कित्येक महिने आटलेली असते. हे धरण बांधण्याआधीही माहीत होते.

आजारांचा हिशेब तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. घानातल्या अकोसोंबो धरणाने १९६५ साली व्होल्टा सरोवर निर्माण केले. ८०,००० माणसे उठली. बँकेचा पैसा याही प्रकल्पात होता. वाहते पाणी साचल्यावर त्यात पाणवनस्पती माजल्या, वनस्पतींवर गोगलगायी वाढल्या आणि गोगलगायींतून शिस्टोसोमायसिस पसरला. हा कृमी पाण्यात उतरणाऱ्याच्या कातडीतून आत शिरतो आणि मुलांच्या लघवीत रक्त दिसू लागते. पश्चिम आफ्रिकेतल्या नद्यांत या गोगलगायी खाणारी गोड्या पाण्यातली कोळंबी असते. तिची पिल्ले वाढायला समुद्राजवळचे मचूळ पाणी लागते. भिंत आली की तिचा ये-जा करायचा रस्ता बंद होतो, कोळंबी कमी होते आणि गोगलगायींना मोकळे रान मिळते. सेनेगल नदीवर १९८६ साली दियामा बांध आल्यावर हेच झाले. तो बांध विजेसाठी नव्हता, पण कोळंबीला त्याने काय फरक पडतो? व्होल्टाच्या खालच्या पात्रात बायका बुड्या मारून शिंपले काढत आणि त्यावर घरे चालवत. प्रवाह बदलल्यावर तो धंदा बसला. आणि २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये अकोसोंबो काठोकाठ भरले तेव्हा दरवाजे उघडून पाणी सोडले ते याच खालच्या गावांवर. हजारो माणसे बेघर झाली. साठ वर्षांपूर्वी नदीने त्यांना जे द्यायचे थांबवले, त्याच्या बदल्यात निदान पुरापासून संरक्षण मिळेल असे त्यांना वाटले असेल, तर तेही गेले.

कॅनडातल्या जेम्स बे जलविद्युत प्रकल्पात क्री या मूळनिवासी लोकांच्या बाबतीत आणखी निराळे घडले. बुडालेल्या मातीतला पारा जिवाणूंमुळे विषारी रूपात बदलला, माशांच्या अंगात साठला आणि तिथून माणसांत आला. लोकांना सांगावे लागले की तुमचा पिढ्यानपिढ्यांचा मासा जपून खा. जलाशयातल्या माशांमधला पारा उतरायला दोन-तीन दशके लागतात. तेवढ्या काळात एक पिढी मासेमारीपासून तुटते.

एक गोष्ट लिहिताना हात जड होतो, पण ती सोडून पुढे जाणे बरोबर नाही. ग्वाटेमालातल्या चिशॉय धरणाला तुम्ही आणि आंतर-अमेरिकी विकास बँकेने पैसा दिला. रिओ नेग्रो गावच्या माया आची लोकांनी जागा सोडायला नकार दिला. देशात लष्करी राजवट होती. १३ मार्च १९८२ रोजी सैनिक आणि त्यांच्या साथीदार टोळ्यांनी गावातल्या ७० बायका आणि १०७ मुले डोंगरावर नेऊन मारली. इतर हत्याकांडे धरली तर मृतांची संख्या ४०० च्या वर जाते. १९८५ मध्ये तुम्ही त्याच प्रकल्पाला आणखी कर्ज दिले. वाचलेल्यांना भरपाई द्यायचे ग्वाटेमाला सरकारने २०१४ साली मान्य केले, तेही अमेरिकी संसदेने दबाव आणल्यावर. तुमच्या बँकेने गोळी झाडली नाही. पण बंदुकीच्या धाकात जागा रिकामी होत असताना धनकोने काय विचारायला हवे होते, कुणाला विचारायला हवे होते, या प्रश्नाचे उत्तर बँकेने अजून दिलेले नाही.

हे सगळे तुम्हाला नवीन नाही, हेच खरे दु:ख आहे. विस्थापनाने माणूस कसकसा गरीब होतो, याची आठ कारणे तुमच्याच सेवेतल्या मायकेल चेर्निया या समाजशास्त्रज्ञाने मांडली: जमीन जाते, काम जाते, घर जाते, पत जाते, पुरेसे अन्न मिळेनासे होते, आजार वाढतात, गायरान-जंगल-नदी यांसारखी सामाईक साधने जातात आणि शेवटी माणसामाणसांतली वीण सुटते. नर्मदेवरच्या सरदार सरोवराला १९८५ साली तुम्ही ४५ कोटी डॉलर दिले. लोकांच्या आंदोलनानंतर ब्रॅडफोर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमलीत. तिने जून १९९२ मध्ये सांगितले की या परिस्थितीत योग्य पुनर्वसन शक्य नाही, बँकेने मागे यावे. १९९३ च्या मार्चमध्ये उरलेले कर्ज थांबले आणि त्याच वर्षी तुमच्याकडे तक्रारींसाठी तपासणी समितीची स्थापना झाली. नर्मदेकाठच्या आदिवासींनी लढून ते मिळवले, असे म्हटले तर वावगे ठरू नये. धरण आयोगही १९९८ साली तुम्हीच सहयोगाने स्थापन केलात. त्याचा अहवाल आला, लंडनमध्ये नेल्सन मंडेलांच्या उपस्थितीत प्रसिद्ध झाला, आणि त्यातली २६ मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक म्हणून स्वीकारायला तुम्ही नकार दिलात.

तुम्ही म्हणाल, काँगोच्या लोकशाही प्रजासत्ताकात पाचांतल्या चौघांच्या घरी वीज नाही, त्यांचे काय? हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि तो टाळायचा नाही. अंधारात अभ्यास करणाऱ्या मुलीला वीज हवी आहे, आजच हवी आहे. म्हणूनच विचारतो: इंगा-१ १९७२ पासून आहे, इंगा-२ १९८२ पासून. त्यांची वीज सतराशे किलोमीटर लांब तारेने कटांगाच्या खाणींना नेली, वाटेतली गावे अंधारात ठेवून. धरण बांधले की आसपासच्या घरांत दिवे लागतात, असा काही नियम नाही. दिवे लागतात ते वाटपाची तार घराघरांत नेल्यावर. आणि तार न्यायचीच असेल, तर तिच्या दुसऱ्या टोकाला सौर पॅनेल आणि बॅटऱ्याही चालतात. सौर विजेची किंमत २०१० पासून सुमारे ९० टक्क्यांनी उतरली आहे. असलेल्या जुन्या धरणांची टर्बाइने बदलून, किंवा विजेशिवाय उभ्या असलेल्या बांधांवर टर्बाइन बसवूनही वीज मिळते, नवे गाव न उठवता.

खर्चाचे थोडक्यात. १९३४ ते २००७ मधल्या २४५ मोठ्या धरणांचा ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०१४ मध्ये हिशेब काढला. खर्च अंदाजापेक्षा सरासरी ९६ टक्क्यांनी जास्त झाला होता आणि दहांतली आठ धरणे वेळेत झाली नव्हती. हवामानासाठी धरण, हे म्हणणेही तपासून घ्या. उष्ण प्रदेशातला उथळ जलाशय बुडालेल्या झाडोऱ्यातून मिथेन हा हवामान तापवणारा वायू सोडत राहतो. ब्राझीलमधल्या बाल्बिना धरणाने २५० मेगावॉट विजेसाठी दोन हजारांहून जास्त चौरस किलोमीटर जंगल बुडवले. आणि दुष्काळ वाढत चालले की धरणाची वीजच आटते. झांबियाची बहुतेक वीज पाण्यावरची. २०२४ च्या दुष्काळात करिबा तळाला गेले आणि झांबियात दिवसातले बहुतेक तास वीज नव्हती. धरणासाठी ज्यांना उठवले त्यांच्या पणतवंडांनाही, आणि ज्यांच्यासाठी उठवले त्यांनाही.

मग काय करायचे? कोणत्याही जलविद्युत धरणाचा प्रस्ताव तुमच्यासमोर येईल तेव्हा त्याच्यासोबत नदीच्या मुखापर्यंतच्या गावांची यादी असली पाहिजे: मासेमारी, पुरानंतरची पेरणी, चराई, पिण्याचे पाणी, गाळ यांवर कोण किती जगते. ही यादी गावकऱ्यांनी स्वत: केलेली असावी, पाक मूनच्या लोकांनी केली तशी. खालच्या काठावरच्या माणसाला पाचव्या मानकाचे दार उघडा. भरपाई एकदाच देऊन मोकळे होऊ नका. वीज विकली जाईल तितकी वर्षे तिच्यातला ठरलेला वाटा नदीकाठी गेला पाहिजे आणि पाणी कधी, किती सोडायचे या निर्णयात खालच्या गावांचा हात असला पाहिजे. मूळनिवासींची संमती घेण्याची अट तुमच्या सातव्या मानकात आहे. नदीवर जगणाऱ्या बाकीच्यांनाही ती द्या, आणि संमती मागायची तर नकार ऐकायची तयारी ठेवून मागा. धरणाचे आयुष्य संपल्यावर ते काढायचे पैसे कुठून येणार, तेही कर्जाच्या कागदावर आधीच लिहा. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२४ मध्ये पाडून संपली तेव्हा युरोक आणि कारुक या मूळनिवासी लोकांनी त्यासाठी दोन दशके लढा दिलेला होता आणि सुमारे ४५ कोटी डॉलर लागले होते. त्याच ऑक्टोबरात सालमन जुन्या भिंतींच्या पलीकडे पोहोचला. नदी परत येऊ शकते, पण तिला अडवणाऱ्याने तो खर्च आधी बाजूला काढून ठेवलेला नसतो.

सगळ्यांत तातडीचे इंगाचे आहे. पहिल्या टप्प्यातला तुमचा पैसा तयारीसाठी आणि आसपासच्या गावांच्या विकासासाठी आहे, असे तुम्ही सांगितले आहे. धरण अजून उभे राहिलेले नाही, म्हणजे अजून विचारायला वेळ आहे. इंगा-१ आणि इंगा-२ साठी ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची कुटुंबे पन्नास वर्षांनंतरही मोबदल्यासाठी भांडत आहेत. त्यांच्यातली काही तिथल्याच जुन्या कामगार छावणीत राहतात. पुढच्या टप्प्याची रक्कम मंडळासमोर येण्याआधी या जुन्या दाव्यांचा निकाल लावा, प्रत्येक कुटुंबाशी झालेला निवाडा जाहीर करा आणि तो करणाऱ्या समितीवर त्या कुटुंबांचे प्रतिनिधी बसवा. तोवर इंगा-३ च्या एकाही कागदावर सही करू नका.

या पत्राचे उत्तर जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

कळावे,
नदीकाठच्या माणसांच्या बाजूने लिहिणारा एक नागरिक